सक्कारातली कोरडी विहीर

किंकाळी थडग्याच्या आतपर्यंत ऐकू आली.

कैरोहून सक्काराची प्राचीन थडगी पाहायला सहलीने आलेली मंडळी मंद दिव्यांत भिंतीवर कोरलेली गुरं पाहत होती. सगळ्यांच्या आधी दाराकडे धावली शहीरा वासिफ. खासगी तपास हा तिचा धंदा. आज मात्र मावसभाऊ रिफअतने तिला बळेच सुट्टी घ्यायला लावली होती.

दाराच्या आत, भिंतीला टेकून डॉक्टर हिल्मी उभा होता. सोनेरी फ्रेम, काळ्या काचा.

“अंधारात काळा चष्मा?” रिफअतला अशा वेळीही राहवलं नाही. “सिनेमात काम मिळालं की काय, डॉक्टर?”

हिल्मी हसला नाही.

बाहेर, पडक्या भिंतीपलीकडच्या कोरड्या विहिरीत हिल्मीचे काका, सरवत बे, पडले होते. तळाशी वाळू होती. काठावर पहारेकऱ्याने गाईड मुख्तारची कॉलर धरली होती.

हिल्मी शिडीने खाली उतरला. काकांच्या मनगटावर अंगठा दाबून त्याने मान हलवली. “संपलं. पोलीस येईपर्यंत कुणी हात लावू नका.”

शहीरा तरीही उतरली. काकांच्या नाकाशी तळहात धरताच ती ओरडली, “श्वास चालू आहे! अँब्युलन्स बोलवा!”

अँब्युलन्स येईपर्यंत, थडग्यांलगतच्या पोलीस चौकीत अधिकाऱ्याने शहीराला ओळखलं आणि प्रश्न विचारू दिले.

“मी बसमधून पाणी आणायला गेलो होतो, मादाम,” मुख्तार म्हणाला. “ओरडणं ऐकून धावत आलो.”

“सकाळी सरवत बेंशी तुमचं वाजलं होतं ना?”

“वाजलं. एका राजाचं नाव चुकलो, तर बेंनी चारचौघांत माझी अब्रू काढली. म्हणून माणूस ढकलेन? पोरीबाळी आहेत हो मला!”

मग हिल्मी आला. सोनेरी फ्रेममागे त्याचे डोळे लाल झालेले स्पष्ट दिसत होते. “मी शेवटपर्यंत आतच होतो. दौलतला विचारा.”

“माझ्या शेजारीच होते,” त्याची बायको दौलत पुटपुटली. तिने मान वर केली नाही.

“गाईडच,” रिफअत कुजबुजला. “काका रागीटच. नाश्त्याला मी फूल बियांची उसळ खात होतो, तेव्हा पुतण्यालाही दम देत होते. ‘दौलतच्या वडिलांना आज तू सांग, नाहीतर मी सांगतो.’”

शहीरा गर्रकन वळली. “हे आत्ता सांगतोस?”

ती हिल्मीसमोर जाऊन उभी राहिली. “डॉक्टर, तुमचा काळा चष्मा कुठे गेला?”

“हाच एक आहे माझ्याकडे.”

“तेच म्हणते. याच्या काचा उन्हात काळ्या पडतात, सावलीत हळूहळू निवळतात. आता त्या अगदी स्वच्छ आहेत. थडग्यात त्या अंधारात तुम्ही आमच्याइतकाच वेळ असता, तर तिथेही तशाच असत्या. किंकाळी ऐकून मी दाराशी आले, तेव्हा तुम्ही नुकतेच उन्हातून आत शिरला होता. काकांना ढकलून.”

“मी का ढकलेन?”

“काका काय सांगणार होते, ते मला विहिरीत कळलं. नाडी बोटांनी बघतात, अंगठ्याने नाही. अंगठ्यात आपलेच ठोके लागतात. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. तुम्ही डॉक्टर नाहीच.”

हिल्मीचा चेहरा पडला. “परीक्षा राहिल्या... काकांना पत्ता लागला. आज सगळं गेलं असतं. दौलत, काहीतरी बोल ना!”

“मी खोटं बोलले,” दौलत म्हणाली. “मळमळतंय म्हणून हे बाहेर गेले होते.” मग तिने प्रथमच नवऱ्याकडे पाहिलं. “माझी आई गेली, तेव्हा तिला शेवटचं औषध तू दिलं होतंस, हिल्मी.”

एका पोलिसाने हिल्मीचा दंड धरला.

पोलिसांनी मुख्तारला सोडलं. तो भिंतीशी बसून ओक्साबोक्शी रडू लागला. रिफअत गुपचूप त्याच्या शेजारी जाऊन बसला.

बाहेर स्ट्रेचर अँब्युलन्समध्ये चढवत होते. सरवत बेंचे डोळे किलकिले झाले होते.

“दौलत!” हिल्मीने चौकीच्या दारातून हाक मारली.

ती काकांशेजारी चढून बसली. त्यांचा वाळूने माखलेला हात तिने मांडीवर घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाली, “चला.”