डोळ्यांची उंची

"तुमचं घर उलटं झालंय."

दर्शनानं मान वळवली. भायखळ्यातल्या त्या लहानशा ड्रॉइंग ऑफिसात प्रिंट काढायला आलेला एक उंच तरुण तिच्या संगणकाच्या पडद्याकडे वाकून पाहत होता.

"उलटं नाही, मी खालून बघतेय. जमीन पारदर्शक असती, तर तुम्हालाही असंच दिसलं असतं."

"आमच्या खोलीच्या खाली भिवाकाका राहतात. बिचारे रोज हेच बघत असणार."

ती हसली; आणि त्या तरुणानं, राकेशनं, लालबागच्या आपल्या खोलीच्या नूतनीकरणाचं काम तिथल्या तिथे तिच्याकडे सोपवलं.

पुढे तो दर शनिवारी येऊ लागला. मोरी, ओटा, पोटमाळा, गॅलरीकडचं दार... सारी खोली दर्शनानं त्रिमितीत उभी केली. एकदा तिनं माउस त्याच्या हाती दिला. त्यानं उत्साहानं चाक फिरवलं आणि पडदा रिकामा झाला.

"खोली गेली कुठे?"

"खोली जागेवरच आहे. तुम्हीच लांब गेलात." तिनं चाकावर दोनदा बोट टेकवलं, खोली समोर आली. "हरवलात, की एवढंच करायचं."

"आणि तुम्ही शेजारी नसलात तर?"

दर्शनानं पडद्यावरची खोली उगाच पुन्हा फिरवली. खोली नवी होतेय ती कुणासाठी, हे विचारायचं तिला धाडस होत नव्हतं. याचं लग्न ठरलेलं असलं तर?

राकेशचा आग्रह एकच होता — स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड दाराकडे हवं. "आई आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून राबली. मागे आम्ही हसायचो, आणि ती विचारायची, काय झालं रे?"

एका शनिवारी दर्शनानं दृश्य सावकाश फिरवलं, आड येणारी भिंत लपवली आणि ओट्यापाशी, स्वयंपाक करणाऱ्याच्या जागी, चित्रातला कॅमेरा ठेवला.

"आता डोळ्यांची उंची द्यायची. आईंची किती?"

"आईचे गुडघे दुखतात. म्हणते, यापुढे स्वयंपाकाचं सून बघेल, नाहीतर तू."

तिचा हात थांबला. "मग... तिची उंची सांगा."

"तुमच्याएवढी."

"अंदाज चालत नाही. नीट विचारून या."

"विचारतोच आहे," राकेश हळूच म्हणाला. "उत्तर मिळेपर्यंत बसतो."

दर्शनानं स्वतःची उंची भरली. ओट्यापलीकडे उघडं दार दिसू लागलं, त्यापुढे गॅलरी.

"ओटा थोडा वर घ्यावा लागेल," ती म्हणाली. "वाकून भाकऱ्या थापायचा मला कंटाळा येतो."

"भाकऱ्या मी थापतो. आईनं शिकवल्यात."

"हे आधी सांगायचं होतं ना." तिनं भरलेला आकडा पुसला. "मग तुमची उंची सांगा."

त्यानं सांगितली. कॅमेरा वर चढला, आणि पोटमाळ्याची कड थेट डोळ्यांसमोर आली.

"रोज कपाळमोक्ष," दर्शना गंभीरपणे म्हणाली.

राकेशनं खोली फिरवायला माउसवर हात ठेवला. तिचा हात तिथेच होता — आणि तिनं तो काढून घेतला नाही.