कर्नलीण जेवत नाही

उघडलेला डबा कॅन्टीनमध्ये परत घेत नाहीत, हे हरणाला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं तो काउंटरवर ठेवलाच.

"हा घ्या तुमचा बांगडा. ती तोंड लावत नाही."

काउंटरमागचा जवान फळीवर साबण रचत होता. त्यानं वळून आधी डब्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती. तिच्या छत्रीतलं पाणी फरशीवर निथळत होतं आणि कपाळावरची ओली बट तिनं रागारागानं मागं सारली होती.

"ती म्हंजे कोण?"

"मांजर."

"मांजराला मिल्ट्रीचा डबा?" त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. "दूध-भाकरी घाला की, बाई."

"घातली नसेल असं वाटतं तुम्हाला?"

त्या आवाजाला नगरपालिकेच्या शाळेतल्या साठ पोरी गप्प बसत. हा मात्र काउंटरवर कोपर टेकून निवांत उभा राहिला. "मग सांगा तरी, खाती काय ती?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. हरणा माण तालुक्यातली, दहिवडीची. साताऱ्यात शिक्षिकेची नोकरी लागल्यापासून ती सदर बाजारात मामांकडं राहत होती. मामा म्हणजे निवृत्त सुभेदार नाथाजी. एकटा जीव. पेन्शनीत निघताना त्यांनी छावणीतल्या मेसमधून एक राखाडी मांजर उचलून आणलं होतं. कर्नलसाहेबाच्या खुर्चीवर बसून खुद्द साहेबालाच उठवायची, म्हणून तिचं नाव कर्नलीण. परवाच्या पावसात मामा अंगणात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं, जवळ हरणाची आई राहिली. गाडीत घालताना विव्हळत मामांनी एकच सांगितलं होतं, "हरणे, कर्नलीणीला डबा देत जा. तिला दुसरं चालत न्हाई."

कोणता डबा, ते मात्र सांगितलं नव्हतं.

"असं हाय व्हय," जवान म्हणाला. त्याचं नाव मानसिंग, पाटणकडचा. "मग आज तारली न्या. टमाट्याच्या रसातली. मेसचं मांजर हाय, साहेबी चव लागंल."

तारली चालली नाही.

डबा फोडणं हेच मुळात एक संकट होतं. घरमालकीण रंगूबाईंचा श्रावण कडक. माशाचा वास आला की त्या पदर नाकाला लावून पायरीवर उभ्या. "आवं बाई, माझ्या घरात श्रावणात मासं? तेबी मांजरासाठी?" म्हणून हरणा डबा घेऊन पार मागच्या मोरीपाशी जायची. सगळं पाणी दूर गटारीत ओतायची, तुकडे दोनदा धुवायची, हात चिंचेनं घासायची. मग ते पांढरेफटक तुकडे बशीत मांडून म्हणायची, "घ्या, कर्नलीणबाई."

कर्नलीण बशी हुंगायची. बशीकडं पाठ करायची. शेपटी पायांभोवती गुंडाळून भिंतीकडं बघत बसायची. फार झालं तर दुधाला चार वेळा जीभ लावायची, तीही हरणावर उपकार केल्यासारखी.

मग हरणा पुन्हा कॅन्टीनला.

"न्हाई खाल्लं?"

"नाही."

"कुठला राहिला आता... हा बघा, तेलातला. लय भारी माल."

"तुम्ही खाऊन बघितलाय?"

"आमाला पलटणीत डबाच हुता. बर्फात, खड्ड्यात, कवाबी. नाव काढलं तरी पोटात ढवळतं." तो हसला आणि फळीवरचा डबा काढायला वळला. वळताना त्याचा डावा पाय किंचित ओढला गेला. लढाईत सुरुंगाचे तुकडे घुसले होते, म्हणून पाय सुधारेपर्यंत त्याला साताऱ्यात कॅन्टीनवर बसवलं होतं. हे त्यानं सांगितलं नव्हतं. रांगेतल्या एका हवालदारानं सांगितलं होतं, आणि हरणानं ते ऐकलं नसल्यासारखं दाखवलं होतं.

तेलातलाही चालला नाही. मामांच्या कार्डावरचा महिन्याचा कोटा संपला, तरी काउंटरखालून डबे येतच राहिले.

"हे कुठून आणता?" तिनं एकदा दरडावून विचारलं.

"माझ्या कार्डावर. मला कुठं लागत्यात?"

"मला नकोत."

"तुमाला कुठं देतोय? कर्नलीणबाईंना देतोय."

ती डबा पिशवीत टाकून तरातरा बाहेर पडली. निम्म्या रस्त्यात तिच्या लक्षात आलं, आपण हसतोय. मग तिला स्वतःचाही राग आला. त्या दिवसांत तिला सगळ्याचाच राग येत होता – मांजराचा, रंगूबाईंचा, न वाळणाऱ्या लुगड्यांचा, आणि शाळा सुटली की पाय आपोआप कॅन्टीनकडं वळायचे, त्या पायांचाही.

एका शनिवारी आईचा निरोप आला. मामा दवाखान्यातलं जेवण परत धाडतात. सारखं विचारतात, कर्नलीण खाती का. इकडं कर्नलीणीच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या होत्या.

"उद्या मी तिला मिरजेला घेऊन जाणार," हरणानं काउंटरवर जाहीर केलं. "दोघांना समोरासमोर बसवते. काय व्हायचं ते होऊ दे."

मानसिंग म्हणाला, "मलाबी मिरजेला जायाचं हाय. पाय दावायला."

"रविवारी?"

"पायाला रविवार कळत न्हाई, बाई."

सकाळच्या एसटीत कर्नलीण झाकणाच्या टोपलीत बसली आणि कऱ्हाड येईपर्यंत तिनं आवाज बंद केला नाही. कंडक्टर टोपलीवर चिमटा आपटून म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट."

"हिचं," हरणा म्हणाली. "आणि तिकीट कशाला? सीटवर बसलीय का ती?"

"अख्खी गाडी डोक्यावर घेतलीया की."

मानसिंगनं मुकाट्यानं टोपली मांडीवर घेतली, झाकणाच्या फटीतून एक बोट आत घातलं, आणि कर्नलीण गप्प झाली. हरणानं खिडकीकडं तोंड फिरवलं. एवढे दिवस मोरीवर बसून मासे धुतले तिनं, आणि ही फितूर एका बोटावर विरघळली.

सांगलीच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. टपरीवर चहा घेताना मानसिंगनं बशीत फुंकर घातली आणि बशीकडंच बघत म्हणाला, "पुण्याला मेडिकल बोर्ड झालं. पास केला त्यांनी मला. पुढच्या आठवड्यात पलटणीत हजर व्हायचं हाय. जम्मूकडं."

चहा एकदम फार गोड लागला तिला. "कधी झालं बोर्ड?"

"झालं मागंच."

"मग आज पाय दाखवायला कशाला आलात?"

त्यानं बशी खाली ठेवली. "तुमीच बघा की आता..."

मिरजेची गाडी लागली. टोपली, पिशवी, छत्री, धक्काबुक्की – पुढचं बोलणं राहूनच गेलं. गाडीत तिच्या डोक्यात तेच फिरत होतं. सांगितलं का नाही आधी? सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं? ती जास्तच चिडली.

दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात नातेवाइकांच्या चुली होत्या. आईनं मामांची खाट तिकडच्या दारापाशी सरकवून घेतली. टोपली उघडताच कर्नलीण उडी मारून मामांच्या छातीवर बसली. म्हातारा सुभेदार तिच्या बरगड्या चाचपत राहिला, डोळे भरले.

"डबा आणलास का गं?"

मानसिंगनं पिशवीतून बांगड्याचा डबा काढून चाकूनं कापून दिला. हरणानं सवयीनं तो नळाकडं नेला आणि तिरका केला.

"अगं, अगं, पानी कुठं वततीस?" मामा कण्हत कोपरावर उठले.

"ओतायला नको? वास किती येतो. मी तर दोनदा धुते."

"धुतीस? मग तिला देतीस काय? त्या पान्यात भाकरी कुस्करायची अस्ती. तीच खाती ती. मासं कुठं खाती?"

आईनं हातातली फुंकणी खाली ठेवली.

"दादा," ती हळू म्हणाली, "मग मासं कोन खातं?"

मामा छताकडं बघायला लागले. डॉक्टरनं रक्तदाबापायी त्यांना खारट कधीचंच बंद केलं होतं.

आईनं जे सुनावलं ते अर्ध्या वॉर्डानं ऐकलं. तोवर मानसिंगनं भाकरी कुस्करली होती, आणि कर्नलीण ताटली चाटूनपुसून वर आणखी मागत होती. शिव्या खाऊन झाल्यावर मामांनीही निमूट अळणी आमटी-भात खाल्ला.

हरणा व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पन्हळीचं पाणी खालच्या दगडावर आपटत होतं. तिला हसू येत होतं आणि रडूही. एवढे डबे, एवढ्या चकरा, तो सगळा रस गटारीत...

मानसिंग मागं येऊन थांबला.

"आता सुटलं कोडं," तो म्हणाला. "आता तुमी काय कॅन्टीनला यायच्या न्हाई."

"तुम्ही तरी कुठं असणार आहात तिथं?"

"न्हाई. खरं सांगू? तुमी आत आलात की रोज वाटायचं, आज तरी खाल्लेलं नसावं तिनं. पाप हाय, म्हाईत हाय मला. मुकं जनावर. पर वाटायचं."

ती त्याच्याकडं वळली. रागावायला हवं होतं. एवढ्या दिवसांत रागाला पहिल्यांदाच खरं कारण मिळालं होतं, आणि नेमका आत्ताच राग येईना.

"सुट्टी केव्हा मिळते तुम्हाला?"

"वर्सातनं एकदा. का?"

"पुढच्या आठवड्यात निघालात की बोलणं वर्षभर लांबेल." तिचा आवाज शाळेतला झाला होता, फक्त जरा कापत होता. "काय बोलायचं ते आत जाऊन मामांशी बोला. आज त्यांच्यावर सगळे चिडलेत, नाही म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही."

मानसिंग तिच्याकडं बघतच राहिला. "आणि तुमचं?"

"मी रविवारची एसटीत मांजर घेऊन फिरतेय तुमच्याबरोबर. अजून काय सांगू?"

तो शर्ट खाली ओढून, पाय जरा ओढत आत गेला. लढाईत असा घाबरला असेल का, असं तिच्या मनात आलं. आतून बराच वेळ खाकरण्याशिवाय काही ऐकू येईना. कुणीतरी चुलीवरचं भांडं उतरवलं. मग मामांचा आवाज आला.

"हरणे, आत ये जरा. ह्यो गडी नुसता पाटणच्या पावसाचं सांगतोय मगापासनं. ह्याला काय पायजे?"

हरणानं पदर खांद्यावर घेतला, आत गेली, आणि सांगितलं.