हजेरीतलं शेवटचं नाव

स्कार्थवेलमध्ये माणूस एकतीस वर्षं राहिला तरी तो उपराच. ऑब्री पिकरिंग मास्तर लेस्टरहून आले एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली, आणि एकोणऐंशी उजाडलं तरी पोस्टाच्या खिडकीशी त्यांचा उल्लेख 'ते लेस्टरचे' असाच व्हायचा. मधल्या काळात त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना इतिहास शिकवला, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. त्यांच्या मते या गावात अक्कल असलीच तर ती मेंढ्यांना. पाऊस आला की त्या निदान भिंतीच्या आडोशाला तरी उभ्या राहतात.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी गावावर आणखी एक उपकार करायचं ठरवलं. गावाच्या आठवणींचं पुस्तक. टेपरेकॉर्डर काखोटीला मारून ते घरोघर फिरले. म्हातारी माणसं चहा पाजून तासन् तास बोलायची, मास्तर मान डोलवायचे, आणि घरी येऊन टंकताना त्यातलं निम्मं लाल पेन्सिलीने उडवायचे. लोकांना कोणतं युद्ध कधी झालं ते आठवत नव्हतं, पण कुणाची गाय कुणाच्या बागेत शिरली ते मात्र तारीखवार पाठ. असल्या माणसांचा इतिहास लिहायला कुणीतरी शहाणा माणूस बाहेरूनच यावा लागतो, असं मास्तर स्वतःला दिवसातून एकदा तरी सांगत.

सगळ्यांच्या बोलण्यात शिवेची फेरी हटकून यायची. दर मे महिन्यात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, सगळं गाव हातात विलो झाडाच्या काठ्या घेऊन हद्दीवरून चालतं. नऊ मैल, चौदा दगड, दर दगडाला तीन तडाखे. नकाशे नव्हते तेव्हा हद्द पायांनीच लक्षात ठेवावी लागे. फेरी संपली की चर्चच्या दारात पाद्री हजेरी घेतो, माळावर कुणी राहून तर गेलं नाही ना म्हणून. नाव पुकारलं की माणसाने 'हजर' म्हणायचं आणि शेजारच्या सभागृहात चहाला जाण्यासाठी मोकळं व्हायचं.

हजेरीत नावं फक्त गावात जन्मलेल्यांची. मास्तर एकतीस वर्षं न चुकता चालले, उजवा गुडघा धरायला लागल्यापासून सगळ्यांच्या मागून रखडत चालले, पण त्यांचं नाव कुणी पुकारलं नाही. ही गोष्ट त्यांना लागली होती, फार लागली होती. म्हणूनच ते हजेरीची टिंगल करत.

आणि टिंगलीला जागाही होती. सगळी नावं संपली की पाद्री आणखी एक नाव पुकारायचा, टोबायस रूक. त्यावर कुणीच 'हजर' म्हणत नसे. सगळे माना खाली घालून मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना एकदा म्हणायचे, तेवढा वेळ थांबायचे. मग दारावर काठीचे तीन ठोके, आणि चहा.

"हा रूक कोण?" मास्तरांनी इनॉक गार्बटला विचारलं. इनॉक चौऱ्याऐंशी वर्षांचा, जन्मभर चुन्याशिवाय दगडी भिंती रचलेला.

"मागून येणारा," इनॉक म्हणाला.

"कुठून मागून?"

"मागूनच हो. मागून म्हणजे काय पुढून येतंय कोणी?" म्हातारा स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. मग टेपकडे बघून आवाज उतरवला. "बत्तीस साली माझ्या आईने सांगितलं, हजेरी झाली की दारात पाव ठेवून ये. मी ठेवला. लोणी जाड लावायचं, मास्तर. त्याला पातळ चालत नाही."

"आणि तो पाव कावळे खातात."

"खात असतील की. कावळ्यांनाही पोट आहे."

पोस्टातल्या हेस्टर औथवेटबाईंनी तर त्याला पाहिलंच होतं. त्रेचाळीस साल, धो धो पाऊस, ओढ्यापाशी कुंपण ओलांडताना त्यांनी मागे वळून बघितलं. "आमचे सगळ्यांचे बूट घोट्यापर्यंत चिखलाने लडबडलेले. त्याचे कोरे. दुकानातून आत्ता आणल्यासारखे."

"चेहरा?"

"बूट बघितल्यावर चेहरा बघायची हिंमत नाही झाली," हेस्टरबाई म्हणाल्या आणि पुन्हा तिकिटं फाडायला लागल्या.

मास्तरांनी चर्चच्या वह्या उलथ्यापालथ्या केल्या. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, तीनशे वर्षांचं सगळं. टोबायस रूक नावाचा माणूस या गावात जन्मला नव्हता, लग्न केलं नव्हतं, मेलाही नव्हता. मास्तरांना झालेला आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. म्हणजे जो कधी नव्हताच त्याला मान, आणि एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासणाऱ्याला ठेंगा!

त्यांनी पुस्तकातून रूक उपटून काढला. इनॉकचा पाव गेला, हेस्टरबाईंचे बूट गेले. मग त्यांनी नव्या पाद्र्याला गाठलं. गाइल्स फेनर हा कोव्हेंट्रीहून आलेला तरणा माणूस, गिटार वाजवणारा, कुणी ठामपणे बोललं की लगेच मान्य करणारा. जुनी हजेरी फाटत आली आहे, नवी टंकून देतो, असा मास्तरांचा प्रस्ताव. रूक कुणीच नव्हता तर त्याची ओळ कशाला वाया घालवायची? त्या जागी ज्याने खरोखर गावाची सेवा केली अशा एखाद्याचं नाव घालावं. एखाद्याचं म्हणजे कुणाचं, हे फेनरलाही कळलं.

आपलं नाव कुठल्याही ओळीत बसलं असतं. पण मास्तरांना शेवटचीच ओळ हवी होती. सगळं गाव माना खाली घालून गप्प उभं आहे आणि त्या शांततेत आपला 'हजर' खणखणीत वाजतो आहे, हे त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या कितीदा तरी ऐकलं होतं.

गावच्या बैठकीत कुणी फारसं भांडलं नाही. स्कार्थवेलचे लोक भांडत नाहीत, नुसते बुटांकडे बघत बसतात. एकट्या हेस्टरबाई उठल्या.

"नाव काढायचं तर काढा बापडे. पण तिथे दुसरं घालू नका. ती ओळ मोकळी सोडा."

"का बाई? भूत रागावेल?" मास्तर म्हणाले. दोघंतिघं हसले.

"रागवायचं कशाला? त्याची सुटकाच होईल की."

मास्तरांनी हात झटकला. पुढचा विषय सभागृहाच्या गळक्या छपराचा होता.

एप्रिलमध्ये पुस्तकाची मुद्रितं आली. ज्याची त्याची आठवण वाचून दाखवायची आणि सही घ्यायची, म्हणून मास्तर इनॉककडे गेले. पावाचा भाग खोडल्याबद्दल म्हातारा कटकट करेल अशी त्यांची तयारी होती. इनॉकने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे. फक्त तो पाव राहिला."

"रूकचा पाव मी काढला आहे, इनॉक. असा कुणी माणूस नव्हता."

"कोण रूक?" म्हातारा म्हणाला. "तुमचा पाव म्हणतोय मी. बत्तीस साली तुमच्यासाठी दारात ठेवला होता ना."

बत्तीस साली मास्तर लेस्टरमध्ये अकरा वर्षांचे होते आणि त्यांना गालगुंड झालं होतं. त्यांनी सही घेतली आणि वाटेत म्हाताऱ्याच्या डोक्यातली भिंतही आता ढासळली, असा शेरा मनात मारला.

पण हेस्टरबाईंचं डोकं ठिकाणावर होतं. गावातल्या प्रत्येकाला कुणाची पत्रं येतात हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी मुद्रित वाचलं, सही केली आणि खिडकीतून मास्तरांच्या पायांकडे बघितलं.

"तेच बूट आहेत अजून?"

"कुठले तेच?"

"त्रेचाळीस सालचे. ओढ्यापाशी घातलेले." मास्तरांनी आपल्या बुटांकडे बघितलं. "तुम्हीच म्हणालात ना, खरं तेवढंच सांगा म्हणून," त्या जरा घुश्शात म्हणाल्या.

चेष्टा. दुसरं काय असणार? गावाने संगनमत करून लेस्टरच्या माणसाची थट्टा मांडली होती, आणि थट्टाही त्यांच्या बुद्धीला शोभेल अशीच भिकार. मास्तरांनी स्वतःला असं समजावलं खरं. पण घरी येऊन त्यांनी पुस्तकासाठी जमवलेले फोटो काढले. चौतीस सालच्या फेरीचा एक होता. भिंतीच्या कडेने रांग चालली आहे, आणि रांगेच्या बरीच मागे कुणीतरी एकटं, हललेलं, पुसट. हा फोटो त्यांनी पन्नासदा हाताळला होता. भिंग लावून बघितलं तरी चेहरा दिसत नव्हता. उजवा गुडघा आखडून टाकलेलं पाऊल मात्र दिसत होतं.

त्यांनी तो फोटो पुस्तकातून काढून टाकला. छपाई वाईट आहे, असं कारण त्यांनी स्वतःलाच दिलं.

फेरीच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. पहिल्या दगडापाशी मास्तर सगळ्यांना 'शुभ सकाळ' म्हणाले. कुणीतरी टोपीला हात लावला, का वाऱ्याने उडू नये म्हणून धरली, हे काही कळलं नाही. तिसऱ्या दगडानंतर चढ लागला आणि गुडघ्याने असहकार पुकारला. रांग पुढे गेली. मास्तरांनी हाक मारली, "जरा सावकाश!" कुणी वळलं नाही. वारा उलटा असेल. असले आडदांड लोक, म्हाताऱ्या माणसासाठी थांबायची रीत यांना कोण शिकवणार!

ओढ्यापाशी कुंपण ओलांडताना पुढून एका पोक्त बाईने मान वळवली. हेस्टरबाईच त्या. मास्तरांनी काठी उंच करून हलवली. त्यांची नजर खाली, मास्तरांच्या पायांवर गेली, आणि त्या घाईघाईने पुढच्या माणसाचा हात धरून चालू लागल्या.

मास्तर चर्चपाशी पोचले तेव्हा हजेरी सुरू झाली होती.

"इनॉक गार्बट."

"हजर! आणि भुकेला!" लोक हसले. म्हाताऱ्याला ट्रॅक्टरवरून आणलं होतं.

"हेस्टर औथवेट."

"हजर."

नावामागून नाव चाललं. मास्तर घोळक्याच्या मागे उभे राहिले, श्वास सावरला, टोपी काढून केस बसवले. एकतीस वर्षं. त्यांना स्वतःचीच लाजही वाटत होती. या मेंढरांच्या तोंडून आपलं नाव ऐकायला आपण इतके आसुसलो होतो?

"ऑब्री पिकरिंग," फेनर म्हणाला.

"हजर!"

आवाज खणखणीत लागला. अगदी ठरवला होता तसाच.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"हजर," मास्तर पुन्हा म्हणाले. "अहो, हजर! मी इथे आहे."

पागोळ्यांचं पाणी गळत होतं. समोरच्या माणसांचे ओठ हळूहळू हलत होते. मास्तरांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या माणसाने मान न उचलता, गारठा लागल्यावर ओढतात तशी, कॉलर वर ओढून घेतली.

प्रार्थना संपली.

दारावर काठीचे तीन ठोके पडले, आणि लोक बोलत, ढकलाढकली करत सभागृहाकडे निघाले. आत जाताना बूट बाहेर काढायची रीत आहे. भिंतीला लागून चिखलाने बरबटलेल्या बुटांची रांग लागली आणि दार बंद झालं. मास्तर दाराशेजारच्या बाकावर बसले. सवयीने नाडी सोडायला खाली वाकले.

नऊ मैल पावसात चाललेल्या बुटांवर चिखलाचा एक ठिपकाही नव्हता.

आतून बशांचा आवाज येत होता. दाराला फट होती.

"एक विचारू का?" हा फेनरचा आवाज. "तो शेवटचा, पिकरिंग. कोण होता तो?"

"कुणास ठाऊक, पाद्रीसाहेब," इनॉक तोंडात घास घेऊन म्हणाला. "मागून येणारा. पहिल्यापासून नाव घेतात, म्हणून घ्यायचं."

"वह्यांमध्ये कुठे सापडला नाही मला."

"नाहीच सापडणार."

मास्तर उठले. त्या मूर्खांना आत जाऊन चांगलं सुनवायचं म्हणून त्यांनी दाराकडे हात नेला, तेवढ्यात ते आतून उघडलं. हेस्टरबाई होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. खाली वाकून उंबऱ्यावर एक बशी ठेवली, पावसाचं पाणी लागू नये म्हणून जरा आत सरकवली, आणि दार लोटून घेतलं.

बशीत पावाची एक चकती होती. लोणी चांगलं जाड लावलं होतं.