उणे एकशे शहाण्णव अंश

तिच्या हातून पेशी मरत नाहीत, असा प्रयोगशाळेत तिचा लौकिक होता. बाटलीच्या तळाशी सायीसारख्या धरलेल्या पेशी ती तान्ह्या बाळागत सांभाळायची. एक दिवसाआड खाद्य बदलायचं, दाटी झाली की नव्या घरी हलवायचं. चौदा नंबरच्या बाटलीत तिच्या वडिलांच्या पेशी होत्या. मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा तपासायला काढला, तेव्हा त्यांनीच सही करून दिलेल्या.

वडील सुतार. तिने त्यांना समजावलं होतं की पेशीच्या आवरणाला कॅल्शियम आत घेणारी बारीक दारं असतात. एक जनुक जोर धरतं, दारं वाढतात आणि रोग फोफावतो.

"माझ्या पोटात दारं बसवतायत," बाबा म्हणाले, "आणि मला विचारलंसुद्धा नाही. चौकट तरी सरळ आहे का?"

त्या जनुकाचा जोर ती दर सोमवारी मोजायची. एका सोमवारी आकडा दुप्पट झाला. मंगळवारी बाबांच्या पोटात कळा उठल्या. योगायोग, ती म्हणाली. पुढे बाटलीत नवं औषध घातलं, आकडा उतरला. त्याच दिवशी घरी बाबांनी दोनदा वाढून घेतलं. औषध होतं बाटलीत. बाबांच्या अंगात त्याचा थेंबही नव्हता.

ती घाबरली नाही. शंका आली की पडताळायचं, एवढंच तिला ठाऊक. तिने प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनीस काकांना सांगितलं, "औषध तुमच्या मनाला येईल त्या दिवशी घाला. मला कळू देऊ नका."

"बरं. पण मॅडम, आपण फसवतोय कोणाला?"

"मला."

महिन्याने काकांची वही आणि आईने कॅलेंडरवर खुणा केलेले बाबांचे बरे दिवस तिने शेजारी ठेवले. एकही दिवस चुकला नव्हता.

मग औषध लागू पडेनासं झालं. आकडा नऊपट. डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून उरलेले आठवडे सांगितले.

तिचं ठरलं. होत्या नव्हत्या तेवढ्या पेशी तिने नळ्यांत भरल्या.

"एक बाटली तरी चालू ठेवा," काका म्हणाले.

"एकही नाही."

सावकाश थंड केलेल्या नळ्या तिने दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उणे एकशे शहाण्णव अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या पिंपात उतरवल्या. पांढरी वाफ मनगटावरून वाहिली. इथे काही मरत नाही, काही वाढत नाही. तिने झाकण लावलं.

साडेआठला बाबांचा फोन. "पोरी, कळा थांबल्या. कोणी दार ओढून घ्यावं तशा."

तीन आठवडे गेले. तपासणीत गाठ होती तेवढीच, केसभरही कमीजास्त नाही. रविवारी ती घरी गेली, तर बाबा रंधा मारत उभे. भुसा उडत होता. तिला वाटलं, जिंकलो.

आईने तिला बाजूला घेतलं.

"त्यांची हनुवटी बघ जरा."

"का गं?"

"कळा थांबल्या त्या सकाळी दाढी करताना कापलं. आठला. मी रोज पुसते, रोज तेवढंच येतं."

"आणि दाढी?"

"परत करावीच लागली नाही."

तिने बाबांचा चेहरा उजेडाकडे वळवला.

चिरेवर रक्ताचा एक थेंब होता. लाल, ओला, ताजा.

तिने तो बोटाने टिपला.

बर्फासारखा गार होता.