चाहूल उशिरा बोलते

कुकर निवला होता. शैलजाबाईंनी तो शेगडीवरून उतरवायला दोन्ही कान धरले, आणि कुकर जेमतेम हलला असेल-नसेल, तोच त्यांच्या डाव्या मनगटावर मुंगी चालली. खरी मुंगी नव्हे. मनगटावरच्या रुंद पट्ट्याखाली, कातडीवर, मुंगी चालल्यासारखी बारीक वळवळ. त्यांनी कुकर होता तिथेच सोडला.

“अहो,” बाहेरच्या खोलीकडे पाहत त्यांनी हाक मारली, “जरा कुकर उतरवून देता का?”

विलासराव चष्मा कपाळावर सरकवत आत आले. “परवापर्यंत तर उचलत होतीस.”

“परवापर्यंत उचलू देत होती. आज नको म्हणतेय.”

कोण नको म्हणतेय, हे त्या घरात सांगावे लागत नसे. पट्ट्याचे नाव चाहूल. त्याचे जोडीदार शैलजाबाईंच्या शरीरात होते: तांदळाच्या कणीएवढे संवेदक, खुब्याच्या, मणक्याच्या आणि मनगटाच्या हाडांना लागून बसवलेले. हाडावर भार आला की त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे जातात, आणि प्रत्येक तडा जाताना कानाला न कळणारा आवाज होतो. संवेदक तो आवाज टिपत. भार डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेशी आला की मुंगी चाले. मर्यादा ओलांडली की चिमटा बसे.

शैलजा जगदाळे सातारा आगारात एसटीच्या वाहक होत्या. खंबाटकी घाटाच्या वळणांवर गाडी एका अंगाला झुकली तरी कशाला न धरता त्या माणसांमधून वाट काढत तिकिटे देत जायच्या. गाडीच्या हेलकाव्यांशी त्यांच्या पायांची ओळख होती. निवृत्तीनंतर एकदा अडकलेली खिडकी ओढताना मनगट मोडले. पडल्या नाहीत, धडकल्या नाहीत. नुसती खिडकी ओढली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी शब्द उच्चारला, अस्थिसुषिरता. हाडे आतून पोकळ, ठिसूळ होत चालली होती.

हा आजार त्यांना नवा नव्हता, फक्त त्याचे नाव नवे होते. त्यांची आई उंबऱ्याला पाय अडकून पडली होती आणि खुबा मोडून खाटेला खिळली होती. पुन्हा ती उठली नाही. वर्ष सरता सरता आई दिवसागणिक लहान होत गेलेली शैलजाबाईंनी पाहिली होती. म्हणून मनगट मोडल्यावर मनगटाचे दुःख त्यांना फारसे झालेच नाही. न्हाणीघरातली ओली फरशी, दारातले पायपुसणे, रस्त्यावर अंगाशी येणारे कुत्रे, जिथे तिथे त्यांना आईची खाट दिसू लागली. चालत्या गाडीत निर्धास्त उभी राहणारी बाई घरात भिंतीला धरून चालू लागली.

चाहूल बसवली आणि ती धास्ती त्यांच्या डोक्यातून उतरून पट्ट्यात गेली. मुंगी चालली नाही म्हणजे काळजी नाही. पुन्हा कुठलेच हाड मोडले नाही. एवढेच की मुंगी दरवर्षी थोडी अलीकडे येत गेली. आधी ती पाण्याच्या बादलीला चालायची, मग दळणाच्या डब्याला, आणि आता कुकरलाही.

“औषधं वेळेवर घेता, इंजेक्शन चुकवत नाही,” तपासणीच्या वेळी डॉ. ऋजुता बर्गे म्हणाल्या होत्या. “तरी हाडांची घनता उतरतेच आहे. मावशी, दिवसभरात चालणं किती होतं?”

“ती चालू देईल तेवढं.”

“तोच घोटाळा आहे. हाडाला भार लागतो. भार आला तर ते स्वतःला भरत राहतं, नाही आला तर झिजतं. तुम्ही भार टाळता, त्यानं हाड कमजोर होतं, म्हणून चाहूल आणखी लवकर बोलते, म्हणून तुम्ही आणखी टाळता.”

“मग तिचं ऐकू नको?”

डॉक्टरांनी त्यावर सरळ उत्तर दिले नाही. एक अभ्यास सुरू होत आहे, एवढेच सांगितले. त्यात भाग घेणाऱ्यांच्या चाहुलीत काही बदल होतील. कोणाच्या यंत्रात काय बदलले, ते अभ्यास संपेपर्यंत सांगता येणार नाही. शैलजाबाई तयार झाल्या, आणि मुमताजलाही त्यांनीच तयार केले.

मुमताज मुलाणी आगारात आरक्षणाच्या खिडकीवर बसायच्या. त्यांच्या पाठीचे दोन मणके खचले होते आणि त्याही चाहूल लावून जगत होत्या. “एकटीला कंटाळा येतो दवाखान्यात,” शैलजाबाई त्यांना म्हणाल्या होत्या. “तू असलीस की गप्पा तरी होतील.” मुमताज मैत्रिणीखातर आल्या.

पुढच्या काही महिन्यांत एक नवल घडले. मुंगी मंदावली. शैलजाबाईंनी एक दिवस सहज कुकरला हात लावला आणि मनगटावर काहीच झाले नाही. त्यांनी कुकर उचलला, ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग बादली उचलली. मग गच्चीचा जिना चढून गेल्या. विलासराव मागोमाग दोन्ही हात पसरून येत होते. वर पोचल्यावर त्यांनाच धाप लागली.

“इंजेक्शनं लागू पडली बघा,” शैलजाबाई म्हणाल्या.

मुमताजचीही मुंगी गप्प झाली होती. दोघी सकाळी अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याने फिरायला जाऊ लागल्या. आधी पायथ्याच्या वळणापर्यंत, मग आणखी वर, जिथून अख्खे गाव खाली पसरलेले दिसते तिथपर्यंत. मुमताज कुरकुरायच्या, शैलजाबाई त्यांना पुढे ढकलायच्या. “मुंगी चालली का? नाही ना? मग चल की.” आणि मुमताज चालायच्या. एका दगडावर बसून दोघी पेरू खायच्या आणि आगारातल्या जुन्या साहेबांच्या नकला करायच्या. खाट शैलजाबाईंच्या डोळ्यांपुढे येईनाशी झाली होती.

एका सकाळी उतरताना शैलजाबाई दोन पावले पुढे होत्या. मागे मुरूम घसरल्याचा आवाज झाला आणि त्यांनी वळून पाहिले, तेव्हा मुमताज कुशीवर पडलेल्या होत्या. जोरात पडल्या नव्हत्या. बसता बसता कलंडल्यासारख्या. पण त्यांचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता, आणि तसा वळलेला पाय शैलजाबाईंनी पूर्वी एकदा पाहिला होता.

“हलू नकोस,” त्या मुमताजचे डोके मांडीवर घेत म्हणाल्या. “अजिबात हलू नकोस.”

“शैला,” मुमताज ओठ घट्ट मिटून मग बोलल्या, “मुंगी चालली नाही गं. एकदम चिमटाच बसला. असं कसं?”

फिरायला आलेल्या माणसांनी त्यांना झोळीत घालून खाली आणले. खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसली. शैलजाबाई दवाखान्यातून घरी आल्या त्या थेट खुर्चीत बसल्या, आणि पुढचे काही दिवस विलासरावांनी पुन्हा कुकर उतरवला. मुंगी चालत नव्हती, तरीही.

एका दुपारी डॉ. बर्गे घरी आल्या. चहा पुढ्यात आला तरी त्यांनी कप उचलला नाही.

“अभ्यास थांबवलाय,” त्या म्हणाल्या. “ज्यांनी भाग घेतला त्या प्रत्येकाला मी स्वतः भेटून सांगतेय. मावशी, चाहुलीची मर्यादा म्हणजे हाड मोडण्याची जागा नव्हे. ती त्याच्या बरीच अलीकडे आखलेली रेघ असते. निम्म्या लोकांची रेघ आम्ही पुढं सरकवली. त्यांची चाहूल उशिरा बोलेल अशी केली. तुम्ही त्यांतल्या.”

शैलजाबाईंनी पट्ट्याकडे पाहिले. “म्हणजे माझी हाडं सुधारली नव्हती.”

“सुरुवातीला नव्हती. आता सुधारलीत. तुम्ही चालला, चढला, ओझी उचलली, म्हणून. या वेळची घनता गेल्या वेळेपेक्षा चांगली आहे.”

“आणि मुमताज?”

“त्याही त्याच गटात.”

विलासराव दारात उभे होते, ते आत येऊन बसले. शैलजाबाईंचा आवाज चढला नाही, पण एसटीत विनातिकीट माणसाशी बोलताना जसा सपाट व्हायचा तसा झाला. “तुम्ही तिला फसवलंत. मी तिला वर नेली ती तुमच्या भरवशावर. तिनं मला विचारलं, मुंगी का चालली नाही म्हणून.”

“ज्यांची रेघ होती तिथंच ठेवली,” डॉक्टर हळू म्हणाल्या, “त्यांच्यात जास्त हाडं मोडली. ते डोंगरावर गेले नव्हते. कुणी खोकताना, कुणी खाटेवरून उठताना. त्यांना चाहूल खरं तेच सांगत होती.”



“आम्हाला विचारायचं होतं,” शैलजाबाई म्हणाल्या.

“विचारलं असतं, तर गच्चीवर चढला असता?”

शैलजाबाईंना होय म्हणायचे होते. पण त्यांना ती खुर्ची आठवली, जिच्यात त्या आताही बसल्या होत्या.

“हे तुम्ही ठरवलंत तेव्हा,” त्यांनी विचारले, “तुम्हाला काय वाटलं होतं?”

“वाटलं होतं की माझी आई असती तरी मी हेच केलं असतं.” डॉक्टरांनी कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. “मुमताजमावशी पडल्याचं कळल्यापासून, आईला खरंच असं करू शकले असते का, ते सांगता येत नाही मला.”

जाताना दारात थांबून डॉक्टरांनी मुमताजची हकीकत सांगितली. मुमताज पलंगावरून उठायला तयार नव्हत्या. सळई भक्कम होती, पाय टेकवायला हरकत नव्हती. उलट उशीर झाला तर तो पाय आणि ती पाठ, दोन्ही हातची जाणार होती. पण चाहूल तपासून दिल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, असे त्या म्हणत होत्या. “त्यांना उद्या सांगायचंय. सगळं,” डॉक्टर म्हणाल्या.

“मी सांगते,” शैलजाबाई म्हणाल्या. “तिला मी घेऊन आले होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात ऊन आले होते. मुमताज उशीला टेकून बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, चेहरा मात्र आठवडाभरात उतरलेला. शैलजाबाईंनी स्टूल ओढून घेतले आणि जे कळले होते ते आडपडदा न ठेवता सांगितले. डॉ. बर्गे पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मुमताजनी एकदाही मध्ये टोकले नाही.

“तुझीपण तशीच होती?” शेवटी त्यांनी विचारले.

“माझीपण.”

“आणि तुझी हाडं सुधारली.”

“हो.”

मुमताज खिडकीकडे बघत राहिल्या. “माझीपण सुधारली असतील तेवढी, मोडलं ते सोडून,” त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू आले, पण ते पूर्ण झाले नाही. “शैला, खरं सांगू? त्या डोंगरावर मला बरं वाटायचं. घरात सगळे मला काचेच्या भांड्यासारखं वागवतात. तू ढकलायचीस ते बरं वाटायचं. आता ते बरं वाटणंपण खोटं धरायचं का, तेच कळत नाही.”

“तुम्हाला हवं तर चाहूल काढून टाकू,” डॉक्टर म्हणाल्या. “किंवा रेघ पूर्वीच्या जागी आणू. पण मावशी, तशी आणली तर उभं राहताच ती बोलेल. पावलोपावली बोलेल. तिचं ऐकून बसलात, तर...”

“पूर्वीच्या जागी आणा,” मुमताज म्हणाल्या. “मला आता उशिराचं काही नको. जे आहे ते कळू दे.”

डॉक्टरांनी हातातल्या यंत्रावरून मर्यादा बदलली. त्याला फार वेळ लागला नाही. मग व्यायाम करून घेणारी बाई वॉकर घेऊन आली. मुमताजनी तिला हाताने थांबवले.

“शैला, तू ये. तू समोर उभी राहा. बसमध्ये म्हाताऱ्या माणसांना उतरवायचीस तशी. मुंगी चालली की मी तुला सांगीन. थांबायचं का पुढं जायचं, ते तू सांगायचं. मी तुझं ऐकीन.”

“मी काय डॉक्टर आहे?”

“डॉक्टरनं ठरवलं आणि मला सांगितलं नाही. यंत्रानं ऐकलं आणि मला सांगितलं नाही. तू सांगशील.”

शैलजाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही पाय जरा फाकवून घट्ट रोवले, आणि वॉकर धरलेल्या मुमताजच्या हातांवर आपले हात ठेवले. मुमताज पलंगाच्या कडेशी आल्या. डावा पाय टेकला. मग उजवा. मग अंगाचा भार हळूहळू पलंगावरून निघून पायांवर आला, आणि त्या उभ्या राहिल्या. 

“मुंगी चालतेय,” मुमताज म्हणाल्या.

शैलजाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिले. त्यांची नजर खाली फरशीवर होती. थांब म्हटले तर ही बाई पुन्हा त्या पलंगावर बसेल, आणि मग कदाचित कायमची. चल म्हटले आणि काही मोडले, तर ते या वेळी मुंगीने वेळेवर सांगूनही मोडलेले असेल. हे सगळे त्या एका क्षणात शैलजाबाईंच्या मनातून गेले, आणि काल दुपारी आपण ज्या बाईवर चिडलो होतो ती नेमकी कुठे उभी होती, हे त्यांना पहिल्यांदा कळले.

मुमताजनी उजवे पाऊल फरशीपासून किंचित उचलून धरले होते. त्यांचे डोळे शैलजाबाईंच्या चेहऱ्यावर होते.

“जोरात चालतेय गं,” त्या म्हणाल्या. “सांग, टाकू का पुढं?”