धुराड्यातली ऊब

दर्यापूरहून अकोल्याला निघालेल्या जीपमध्ये प्रियदर्शनीच्या मांडीवर पर्स होती आणि पायाशी पोतं. पोत्यात जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या कढया, पातेली, चेपलेले डबे. खड्डा आला की पोतं खणखणायचं आणि शेजारच्या तरुणाच्या गुडघ्यावर आदळायचं. चौथ्या खड्ड्याला तो म्हणाला,

"मॅडम, रुखवत घेऊन चालल्या का?"

सगळी जीप हसली. प्रियदर्शनीचे कान तापले.

"भंगार आहे."

"भंगार तं दिसून राहिलं. पन इतकं जपून काहून धरलं?"

"वितळवायचंय. आमच्या कारखान्यात."

त्यानं न विचारता एक कढई बाहेर काढली, कानाशी धरली, नखानं टिचकी मारली. मग एक पातेलं. "कढई चोख हाये. पातेलं टाकू नका... बहिरं वाजून राहिलं. भेसळ हाये त्यात."

"ऐकून कळतं?"

"सात वर्षं भट्टीपाशी काढले. तिथं बोलाले कोनी नसते, मंग धातूचंच आयकत बसा लागते."

बोलताना तो हसला, आणि तिला उगीचच वाटलं की हा रस्ता अजून थोडा खराब असायला हरकत नव्हती. अकोल्याला तो गर्दीत उतरून गेला. नाव विचारायचं राहिलंच! दिवसभर ती स्वतःवर चिडत राहिली.

सोमवारी सकाळी ती एमआयडीसीतल्या कारखान्यात शिरली, तर दोन नंबरच्या भट्टीसमोर निळ्या कपड्यांत तोच उभा.

"रुखवत पोचलं का?"

गजेंद्र गावंडे त्याचं नाव. नागपूरला तो कामाला होता तो कारखाना मंदीत बंद पडला, म्हणून इथे भट्टी सांभाळायला आला होता. इथेही फार बरं चाललेलं नव्हतं. भांडीवाल्यांच्या ऑर्डरी निम्म्यावर आलेल्या, तीनपैकी दोन भट्ट्या थंड. प्रियदर्शनी इथली पर्यावरण अधिकारी, म्हणजे कामगारांच्या भाषेत 'झाडं लावनाऱ्या मॅडम'. नवा धातू तयार करायला जेवढी वीज लागते, तिच्यापेक्षा किती तरी थोड्या इंधनात जुना धातू वितळतो, हे ती दोन वर्षं ओरडून सांगत होती. मालक शेखरबाबू वाईट नव्हते, घाबरलेले होते.

"पोरी, आता कारखाना जगवायचा की हवा स्वच्छ करायची?"

"दोन्ही, बाबूजी. भट्टी भंगारावर चालवायला एक महिना द्या."

"दिला. त्यात जमलं नाही, तर तुझा विभाग बंद. माझाही नाइलाज आहे."

पहिला विरोध गजेंद्रनंच केला. "थंडीचे दिवस हायेत. भंगारावर दव पडते. ओली कढई उकळत्या धातूत गेली तं भट्टी फुटते, मॅडम. माह्या मानसायले मी भाजू देनार नाई."

तिनं कागद उलगडला. धुराड्यातून फुकट जाणारा गरम धूर एका लोखंडी पेटीत वळवायचा, भंगार त्या उबेत सुकवायचं, तापवायचं, मगच भट्टीत सोडायचं. दव जाईल, भट्टीत जाळायचं तेलही वाचेल.

त्यानं धुराड्यापासून पेटीपर्यंतच्या रेषेवरून बोट फिरवलं.

"हे तुमी काढलं?"

"हो. हसायचं तर हसा."

"हसून नाई राहिलो... हे आतापरेंत कागदावरच काहून हाये?"

"कुणी बांधून दिलं नाही."

"मंग आता देतो!"

आणि दिवस भराभर पळू लागले. थंड पडलेल्या भट्ट्यांचे जुने पत्रे, एक टाकून दिलेली टाकी, वेल्डिंगच्या ठिणग्या. जेवणाच्या सुट्टीत तो घरच्या शेतातला हुरडा आणायचा, तिळाच्या चटणीसकट, आणि तिच्या हातावर तिच्या हाताला न लागता ठेवायचा. हे 'न लागता' तिला फार लागायचं. एकदा त्यानं तिला भट्टीत बघायची निळी काच दिली. आत धातू चांदण्यासारखा हलत होता. ती बघत राहिली... मग काच हळूच बाजूला वळली.

"त्या काचेतून मानूस दिसत नाई, मॅडम. नुस्ता अंधार दिसते."

"मी कुठे माणसाकडे बघत होते?"

"तेच म्हनतो. अंधाराकडे पाहून इतकं गोड कोन हसते?"

पहिली चाचणी झाली तेव्हा तेल चांगलंच कमी लागलं. कामगारांनी टाळ्या पिटल्या. पण तिसऱ्या दिवशी, धातूचा नमुना जिथे पाठवला होता त्या नागपूरच्या प्रयोगशाळेचा फोन आला. धातू नापास, लोखंड जास्त. महिन्यातले आठ दिवस उरलेले. प्रियदर्शनी भंगाराच्या ढिगासमोर जाऊन बसली. भंगार निवडणाऱ्या माणिकबाईंनी एक कढई उचलून तिच्यासमोर आदळली.

"पोरी, हे पाह्य. कढईच्या कानात लोखंडाचे रिव्हेट हायेत. आमाले कोनी काढा म्हनलंच नाई! मी काय, भांडं तं भांडं म्हून टाकलं."

प्रियदर्शनी उठली, आणि वाकून माणिकबाईंच्या पायाच पडली. त्या दिवसापासून छिन्नी-हातोडी घेऊन सगळ्या बायका बसल्या, गजेंद्र बसला, तीही बसली. रिव्हेटमागून रिव्हेट उडू लागले. तिच्या अंगठ्यावर हातोडी बसली, तेव्हा मात्र गजेंद्र तो 'न लागता'चा नियम साफ विसरला. तिचा हात दोन्ही हातांत धरून तो फुंकर घालत राहिला आणि बायका मुद्दाम दुसरीकडे बघू लागल्या.

दुसरा नमुना गेला. शनिवारी निकाल यायचा होता. सकाळीच माणिकबाई सहज म्हणाल्या, "गजेंद्र ओडिशाले चालला म्हने. मोठ्या कारखान्याचं पत्र आलं त्याले. आज संध्याकाळपरेंत सांगायचं हाये."

प्रियदर्शनी तशीच भट्टीवर गेली. दोन वर्षं कारखान्यात जपलेली शुद्ध भाषा वाटेतच गळून पडली.

"तू ओडिशाले जाऊन राहिला? मले सांगतलं काहून नाई?"

तो आधी त्या 'तू'कडेच बघत राहिला.

"तुमी... तू 'जा' म्हनली असती म्हून."

"म्हनलीच असती! मोठा कारखाना हाये, कायमची नोकरी हाये. इथं उद्या काय होईन, कोनाले माहीत?"

"म्हूनच नाई सांगतलं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं ऐकलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गजेंद्र घाबरला. "काय झालं? नापास?"

"पास!" ती ओरडली. "पास झालं, गजेंद्र! पास!"

भट्टीवर एकच गलका झाला. शेखरबाबू जिन्यावरून धावत खाली आले, तिच्या फोनवर आलेला निकाल वाचून डोळे पुसत म्हणाले, "पोरी, सोमवारपासून आणखी एक भट्टी पेटव. भंगारावर." मग पेढे आणायला ते स्वतःच निघाले.

गलक्यातून बाजूला होऊन गजेंद्रनं फोन लावला. ती दोन हात अंतरावर उभी राहिली.

"सर, गावंडे बोल रहा हूँ... नहीं सर, मैं नहीं आ रहा... तनखा की बात नहीं है... कारण? कारण सर, मेरे बाजू में खडा है।"

पलीकडून कुणी तरी मोठ्यानं हसलं. गजेंद्रचे कान लालबुंद झाले. त्यानं फोन खिशात टाकला.

"काय म्हनले?"

"म्हनले... पहिले तिले विचारलं का?"

"मंग?"

"मंग... आता विचारून राहिलो ना."

ती खाली बघून हसली. मग गंभीर झाली. "माह्या घरी तथागतांचा फोटो हाये. तुह्या घरी गजानन महाराजांचा."

"त्या दोघायचं काई भांडन नाई, प्रिया. बाकीच्यायशी मी बोलतो. आई चिडन, मले माहीत हाये. मी बसून राहीन तिच्यापाशी, तिचं मन वळेपरेंत."

"आनि नाई वळलं तं?"

"तरी तुह्यापाशीच येईन. पन वळवीन."

तो हे अगदी साधेपणानं म्हणाला. दुखरा अंगठा विसरून तिनं त्याचा हात घट्ट धरला, सगळ्यांच्या देखत.

"उद्या रविवार हाये," ती म्हणाली. "अमरावतीले चल. माह्या बाबाले भेट. कडक हायेत. घाबरशीन?"

"घाबरीन."

"तरी येशीन?"

"पहिल्या गाडीनं!"