रविवारची लांब घंटा

आमच्या खोऱ्यात आठ घरांना मिळून टेलिफोनची एकच तार. कुणाचीही घंटा वाजली की चोंगा उचलून ऐकायचं, ही माझी खोड, लपवत नाही. एक लांब घंटा मात्र सगळ्यांसाठी, ती वाजली की साऱ्यांनी चोंगा उचलायचा. रविवारी चारला ती लांब घंटा देऊन अल्वा स्टिल्टनर फोनसमोर फिडल घेऊन बसायचा. आमच्या डोंगरातला ग्रामोफोनच्या तबकडीवर गेलेला पहिला माणूस! कडव्याची शेवटची ओळ त्याची लेक झेल्ला उचलायची. दहा वर्षं. तबकड्यांवर नाव एकट्या अल्वाचं.

"माझ्या गाण्यात तुझा आवाज आहे ना? मग तुझं गाणं कशाला?" असं तिला म्हणायचा.

फेब्रुवारीत तो गेला. घराला कुलूप घालून झेल्ला माझ्याकडे आली. मार्चात शहरातून बोलावणं आलं, सोमवारी ये, तुझ्या नावाची तबकडी काढू.

आदल्या दुपारी मी तिच्या झग्याला इस्त्री करत होते.

"व्हर्डीमावशी, उद्या तोंडच उघडलं नाही तर?"

"जेवताना तर मिटत नाही तुझं!"

ती हसली. आणि लांब घंटा वाजली.

खिडकीला धुकं चिकटलं होतं. सवयीनं मी चोंगा उचलला. तारेवर शेजाऱ्यांचे श्वास. मग फिडल. स्वयंपाकघरात फिडलच्या गजाला घासतात त्या राळेचा वास पसरला.

"कोण वाजवतंय?" मी तारेवर विचारलं.

"व्हर्डी..." अल्वाच्या समोर राहणारा म्हातारा डॉर्सी पुटपुटला, "अल्वाच्या दाराला कुलूप तसंच आहे. मी बघतोय..."

मग अल्वा गायला. शेवटच्या ओळीआधी थांबला. थांबूनच राहिला.

झेल्ला माझ्या खांद्याशी आली होती.

"नको, पोरी..."

पण दहा वर्षांची सवय. तिनं ओळ उचलली. अर्धी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली, उरलेली चोंग्यातून.

झेल्लाचं तोंड उघडंच होतं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आवाज नाही.

मी घाबरून चोंगा आकड्याला लावायला गेले, तोच आतून तिचा आवाज आला, अगदी हळू.

"मावशी... ठेवू नकोस. ठेवलास तर मी इथंच राहीन..."

त्याला नऊ दिवस झाले. सोमवार गेला. शेजारी ओरडतात, तार मोकळी कर. मी चोंगा खाली ठेवत नाही. माझ्या हाताला रग लागली की झेल्ला धरते. मुकाट.

काल वाऱ्यानं तार तुटली. डॉर्सीनं तिचं टोक अंगणात आणून दाखवलं. मी चोंगा कानाला लावला.

आत बापलेक नवं गाणं बसवत होती.